आईच्या ताटातलं फायबर: एलडीएल उतरवण्याच्या तेरा आठवड्यांच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आईचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट आज हातात आला. एकूण कोलेस्टेरॉल २४१, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड १८५, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८. वय ६१. रक्तदाबाची एक गोळी आणि थायरॉइडची एक गोळी आधीपासून चालू आहे. साखर नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोलेस्टेरॉलची गोळी आजच सुरू करता येईल. पण ताट बदलायची खरोखर तयारी असेल तर बारा आठवडे देते. रक्तदाबाची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. आणि बारा आठवड्यांनी जो आकडा येईल तो मान्य करायचा."

बाबा २०१६ मध्ये गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि आम्ही पित्त समजून त्यांना थंड दूध देत बसलो. त्या अर्ध्या तासाची आठवण झाली की अजून हात गार पडतात. म्हणून या खेपेला सगळं मोजून आणि वहीत लिहून करायचं ठरवलं आहे. असाच कागद ज्यांच्या घरी आला असेल त्यांना निदान आमच्या चुका तरी टाळता येतील.

९ जानेवारी

तीन दिवस आईला काहीही बदलू दिलं नाही. ती जे खाते तेच खाल्लं, फक्त शिजवण्याआधी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवली. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ४५० रुपयांना मिळाला. या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तीच.

"मी तर साधंच जेवते," असं आई म्हणायची आणि ते खरंच होतं. पण साधं म्हणजे सकाळी पोहे, चहाबरोबर चार बिस्किटं, दुपारी दोन पोळ्या, भात आणि वरण, रात्री पुन्हा आमटी-भात. एलडीएल उतरवायला फायबर, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, वाढवायचं होतं, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून त्याचा हिशोब केला. शंभर ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात फायबर जेमतेम २.८ ग्रॅम, मैद्यात तितकंच. ज्वारीत १०.२, बाजरीत ११.५, तूरडाळीत ९, अख्ख्या मुगात १७, अख्ख्या हरभऱ्यात २५. आईच्या दिवसाची बेरीज आली २० ग्रॅमच्या आसपास. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या हिशोबाने २,००० कॅलरींमागे ३० ग्रॅम फायबर हवं. आईचा आहार साधारण १,६०० कॅलरींचा, म्हणजे तिला २४ ग्रॅम तरी पाहिजे.

सोलापूरच्या घरात भाकरी कुठे गेली, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. विचारल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूच्या दोन दाढा काढल्या, तेव्हापासून भाकरी चावत नाही म्हणून तिने हळूहळू भातावर भागवायला सुरुवात केली. रोज माझ्यासाठी भाकरी थापायची आणि स्वतः भात घ्यायची. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

११ जानेवारी

गिरणीतून ज्वारी दळून आणली. आईने सवयीने पीठ चाळलं. चाळणीत राहिलेला कोंडा ती शेजारच्या गाईला घालते. मी तो काट्यावर ठेवला, तर एक किलो पिठामागे ६४ ग्रॅम भरला. फायबर वाढवायला ज्वारी आणायची आणि त्यातलाच कोंडा काढून टाकायचा, असं चाललं होतं. पण न चाळलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, अशी तिची तक्रार होती आणि तीही खरीच. उपाय गिरणीवाल्याने सांगितला. "दोनदा फिरवून बारीक देतो, चाळू नका." पाच रुपये जास्त घेतले. त्या पिठाला उकळतं पाणी घालून, मळून दहा मिनिटं झाकून ठेवलं, तर भाकरी चिरली नाही.

१४ जानेवारी, पहाटे

ही नोंद सगळ्यांनी वाचावी.

मी घाई केली. चार दिवसांत २० ग्रॅमवरून ३८ वर नेलं. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी भाकरी आणि उसळ, संध्याकाळी पेरू. काल भोगी होती. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी, म्हणजे ओला हरभरा, पावटा, घेवडा, वांगं, गाजर, बोरं आणि शेंगदाणे. आईने वर्षातून एकदा होणारी भाजी म्हणून दोन वेळा खाल्ली. रात्री हिशोब मांडला तर ४५ ग्रॅमच्या वर गेला होता. पाणी मात्र नेहमीचंच, दिवसभरात सहा-सात भांडी.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिने हाक मारली. डाव्या बरगडीखाली कळ, वरती दाबल्यासारखं, घाम. मी एक क्षणही विचार केला नाही, रिक्षा काढून थेट दवाखान्यात नेलं. ईसीजी साधा, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) साधं, तीन तासांनी पुन्हा केलं तेही साधं. पोट तट्ट फुगलेलं होतं. मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणात अडकलेला वायू छातीखाली अशी कळ आणतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. खर्च २,६५० रुपये आणि पुढचे काही दिवस वाया, कारण पोट शांत होईपर्यंत पुन्हा मऊ भात आणि ताकच.

एवढे पैसे गेले तरी नेलं हे योग्यच केलं. छातीची कळ वायूची आहे की हृदयाची, हे घरी बसून ठरवायचं नाही. आमच्या घराने ते एकदा ठरवून पाहिलं आहे.

२२ जानेवारी

पुन्हा सुरुवात. आता नियम असा की आठवड्याला पाच ग्रॅमच वाढवायचे. आतड्यातल्या जीवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, तो त्यांना द्यायचा.

पाण्यासाठी बाबांचा स्टीलचा तांब्या काढला. त्यात ९०० मिलि मावतं. दुपारी चारच्या आत दोन तांबे संपले पाहिजेत, मग संध्याकाळी लागेल तसं. चारच्या आतच का, तर रात्री उशिरा पाणी पिऊन तिची झोपमोड होऊ नये म्हणून.

कडधान्यं दहा तास भिजवून, ते पाणी फेकून, मोड आणूनच शिजवायची. पहिल्या आठवड्यात फक्त मूग, दुसऱ्यात मटकी. हरभरा आणि राजमा सर्वांत शेवटी, तेही अर्धी वाटी. हिंग, आलं आणि ओवा हात राखून घालायचे नाहीत.

४ फेब्रुवारी

पोटाची तक्रार नाही. सरासरी २७ ग्रॅम.

भाकरी चावण्याची अडचण सोडवायला बरेच प्रयोग झाले. तूप लावून ठेवली तर मऊ राहते पण तूप वाढतं, आणि आपल्याला संपृक्त चरबी कमीच करायची आहे. शेवटी आईनेच तिच्या आईची पद्धत आठवली. तव्यावरून उतरलेली गरम भाकरी लगेच कुस्करायची, वर पातळ आमटी ओतायची आणि पाच मिनिटं झाकून ठेवायची. कालवलेल्या भाकरीचा वास आला तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्षं हे का नाही सुचलं मला?" मंगळवेढ्याची मालदांडी ५५ रुपये किलोने आणली आहे. गोडीत दुसरी कुठलीही ज्वारी तिच्या जवळ येत नाही.

पेरू बंद केला. बिया दाढेच्या खळग्यात अडकून हिरडी सुजली. त्याऐवजी पपई, संत्रं आणि केळं. रस काढायचा नाही, फळ तसंच खायचं.

बिस्किटांच्या जागी मी "हाय फायबर" असं छापलेला पुडा आणला होता, तो परत दिला. शंभर ग्रॅममागे सहा ग्रॅम फायबर असलं की तसा दावा छापता येतो. चार बिस्किटं म्हणजे तीसेक ग्रॅम, त्यातून मिळणार दोन ग्रॅमहून कमी, आणि सोबत साखर आणि पामतेल. त्याऐवजी मूठभर फुटाणे, सालासकट आणि बिनमिठाचे.

१७ फेब्रुवारी

सहा आठवडे झाले. मध्येच एक तपासणी करून घेतली. तीच लॅब, बारा तासांचा उपास, ५०० रुपये.

एकूण २३३, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल १५४.

चारच अंकांनी उतरलं. एवढा फरक तर एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या रक्तातही पडू शकतो. आई काही बोलली नाही, पण रात्री जेवताना भाकरी अर्धी ठेवली. मला खूप वाईट वाटलं. सरासरी २९ ग्रॅमपर्यंत पोहोचलो होतो, पोट रोज साफ होत होतं, वजन एक किलो उतरलं होतं, मग हे का हलत नाही?

मग वाचत बसलो तेव्हा चूक कळली. मी फायबरची एकच बेरीज करत होतो. ज्वारीतल्या १०.२ ग्रॅमपैकी साडेआठ ग्रॅमच्या आसपास फायबर पाण्यात न विरघळणारं असतं. ते पोट साफ ठेवतं आणि भाताची जागा घेतं. धान्यातलं फायबर जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, हे मोठमोठ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे ज्वारी वाया गेली नव्हती. पण एलडीएल खाली ओढतं ते मुख्यतः विरघळणारं, चिकट होणारं फायबर. ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन, इसबगोल, भेंडी, मेथीदाणे, राजमा-चवळीसारखी कडधान्यं. हे फायबर आतड्यात बुळबुळीत जेल बनवतं आणि पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतं. नवं पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून खेचतं. म्हणजे जे बुळबुळीत लागतं म्हणून आपण टाळतो, नेमकं तेच कामाचं आहे.

बीटा-ग्लुकन दिवसाला ३ ग्रॅम आणि इसबगोल १० ग्रॅमच्या आसपास, हे आता लक्ष्य.

२० फेब्रुवारी

दुकानात "सातू द्या" म्हणालो आणि अर्धा किलोची पिशवी घेऊन आलो. घरी उघडली तर भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं सातूचं पीठ, गूळ घालून खातात ते. सातू म्हणजे जव, पण आमच्या भागात दुकानदार सातू म्हटलं की तयार पीठच देतो. जव म्हणून मागा, नाहीतर बार्ली म्हणा.

२३ फेब्रुवारी

जव मिळाले, दळले, भाकरी केली आणि आईला ठसका लागला. सालासकटचे जव होते. सालाचे बारीक कूस घशाला टोचतात, कितीही बारीक दळा. ते पीठ गाईलाच घालावं लागलं. साल काढलेले जव घ्यायचे, ८० रुपये किलो.

प्रमाणही चुकलं. निम्मी ज्वारी आणि निम्मे जव घेतले तर पीठ हाताला चिकटतं आणि भाकरी मध्यभागी कच्ची राहते. आई परातीत बोटं पाण्यात बुडवून बुडवून थापत होती, तरी काठ तिच्या तळव्याला चिकटून वर येत होता. तिसऱ्या खेपेला चार वाट्या ज्वारी आणि एक वाटी जव यावर जमलं. भाकरी फुगलीही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आईचा उपास. मोडायला सांगणं शक्य नव्हतं आणि मला सांगायचंही नव्हतं. पण साबुदाण्यात फायबर जवळजवळ नसतंच, आणि गेल्या एकादशीला खिचडी-वडे-पापडांवर दिवस गेल्याने दुसऱ्या दिवशी पोट बसलं होतं. या वेळी राजगिऱ्याचं थालीपीठ, सालासकट उकडलेलं रताळं, दाण्याची आमटी आणि काकडी. संध्याकाळी बेरीज २४ ग्रॅम आली. उपासाचा दिवस आता मला कठीण वाटत नाही.

१ मार्च

ओट्स. पहिल्यांदा मसाला ओट्सची पाकिटं आणली, कारण झटपट होतात. पाठीवरचं मिठाचं प्रमाण वाचलं आणि बाजूला ठेवली. रक्तदाबाच्या माणसाला ती नकोत. साधे रोल्ड ओट्स आणले, २०० रुपये किलो. दुधातली लापशी आईने एकदा खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली. मग तिनेच मार्ग काढला. ४० ग्रॅम ओट्स कोरडे भाजून, ताकात भिजवून, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि किसलेला दुधी घालून धिरडं. आता रोजचा नाश्ता तोच. ओट्समधून दीड ग्रॅमच्या वर आणि भाकरीतल्या जवातून एक ग्रॅमच्या वर बीटा-ग्लुकन जातं. ३ च्या जवळ पोहोचलो.

३ मार्च

इसबगोल. ते पिकतं मुख्यतः गुजरात-राजस्थानात, आणि जगभर आपल्याकडूनच जातं. १०० ग्रॅमचा डबा १९० रुपयांना पडला.

पहिल्या दिवशी ग्लासात कालवलं आणि ती पूजा आटपून येईपर्यंत ठेवलं. दहा मिनिटांत त्याची खळ झाली. घोट घेताच तिला उमासा आला. हे नुसतं किळसवाणं नाही, घशात अडकण्याचा धोका असतो. कोरडं तर कधीच तोंडात टाकायचं नाही. पद्धत अशी बसवली. मोठ्या ग्लासभर पातळ ताकात पाच ग्रॅम टाकायचं, ढवळायचं, थांबायचं नाही, लगेच प्यायचं आणि वर एक पूर्ण भांडं पाणी. आठवडाभर पाच ग्रॅम, मग सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच.

१२ मार्च

पुण्याहून ताईचा फोन आला. ती औषधांच्या दुकानात काम करते. दिनक्रम सांगताना मी म्हणालो, आई सहाला थायरॉइडची गोळी घेते आणि साडेसहाला इसबगोल. ताई एकदम म्हणाली, "अरे, गोळी त्यातच अडकून बाहेर जाईल! चार तासांचं अंतर ठेव." डॉक्टरबाईंनाही विचारलं, त्यांनी हेच सांगितलं आणि दीड महिन्याने टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला लिहून दिलं. नऊ दिवस हे चुकीचं चाललं होतं. घरातलीच गोष्ट म्हणून इसबगोल औषधांच्या यादीत धरायचं माझ्या मनातच आलं नाही.

आता वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आहे. ६ वाजता थायरॉइडची गोळी, ९ वाजता नाश्ता आणि रक्तदाबाची गोळी, ११:३० ला पहिलं इसबगोल, संध्याकाळी ६:३० ला दुसरं.

२४ मार्च

ऊन चाळिशीला टेकलं. दोन तांब्यांवर भागेना, दोन दिवस आईला खडा झाला. एवढं फायबर आणि अपुरं पाणी म्हणजे आतड्यात बूच बसतो. तांबे तीन केले, तिसऱ्या दिवशी ठीक.

३० मार्च, गुढीपाडवा

पुरणपोळी केली. कणीक न चाळता घेतली आणि मैदा घातला नाही, म्हणून पोळी जरा जाड झाली. आईने दोन खाल्ल्या, वर दूध घेतलं. सणाला मी वही उघडली नाही.

७ एप्रिल

ठरलेल्या बारा आठवड्यांवर एक आठवडा जास्त मागून घेतला होता, जानेवारीतल्या वाया गेलेल्या दिवसांसाठी. तीच लॅब, तोच बारा तासांचा उपास.

एकूण २१४, एचडीएल ४७, ट्रायग्लिसराइड १५०, एलडीएल १३७.

पहिल्या सहा आठवड्यांत ४ अंक, नंतरच्या सात आठवड्यांत १७. भाकरी दोन्ही टप्प्यांत होती, वाढलं ते विरघळणारं फायबर. वजन एकूण १.८ किलोने कमी, त्याचाही थोडा वाटा असणार.

महिन्याचा खर्च: ओट्स २४०, इसबगोल ५७०, ज्वारी २२०, जव ८०. बिस्किटं आणि फरसाणाचे जवळजवळ ४०० वाचतात. सर्वांत महाग इसबगोलच, आणि ते सोडून बाकी सगळं आपल्या रोजच्या स्वयंपाकातलं.

९ एप्रिल

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाल्या, "नुसत्या खाण्यावर एवढं उतरलं हे छान आहे. पण तुमचं वय आणि रक्तदाब पाहता मला हे शंभरच्या आत हवंय." कमी डोसची स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू केली. इसबगोल आणि ओट्स थांबवू नका म्हणाल्या. स्टॅटिनबरोबर इसबगोल घेतलं तर जी जादा घट मिळते ती साधारण गोळीचा डोस दुप्पट केल्याइतकी असते, असं एकत्रित अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे आईला छोट्या गोळीवर भागण्याची शक्यता वाढली.

मला वाटलं होतं ती खट्टू होईल. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "गोळी तर गोळी. पण मला भाकरी परत मिळाली ना."

१० एप्रिल

फ्रिजवरचा कागद बदलला. स्टॅटिन रात्री साडेनऊला, इसबगोलपासून तीन तास लांब. गिरणीत चार किलो ज्वारी आणि एक किलो साल काढलेले जव देऊन आलो, दोनदा फिरवून, न चाळता. टीएसएचची तपासणी २८ एप्रिलला, लिपिड पुन्हा जूनमध्ये. दंतवैद्याची वेळ शनिवारची घेतली आहे, त्या दोन दाढांसाठी.